१६२/१०० आलंय, गोळी कपाटात आहे. सुरू करू की थांबू?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४६, पुरुष, दिवसभर बसून काम. ऑफिसच्या तपासणीत बीपी १५६/९८ आलं, पंधरा दिवसांनी फॅमिली डॉक्टरांकडे १६२/१००. घरी मनगटाच्या मशीनवर कधी १३८, कधी १५२. त्रास काहीच नाही. वडिलांना ५८ व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० आणि अमलोडिपिन ५ अशी एकत्र गोळी लिहून दिली. ती आणलीत, पण घरचे म्हणाले की एकदा सुरू झाली की जन्माची मागे लागते, म्हणून कपाटात ठेवलीत. आता विचारताय की तीन महिने मीठ कमी करून आणि चालून बघू का, आणि घ्यायचीच झाली तर निदान अर्धी घेऊ का.

'जन्माची गोळी' हा प्रश्न तुम्हाला सगळ्यात मोठा वाटतोय. माझ्या हिशेबात तो तिसरा आहे. पहिला प्रश्न असा की तुमचं बीपी नेमकं किती आहे. दवाखान्यातले दोन आकडे आणि मनगटावरचे वर-खाली होणारे आकडे, यावरून ते खात्रीने सांगता येत नाही. दुसरा, तेवढ्या बीपीला थांबायची मुभा आहे का. या दोन्हींची उत्तरं मिळाली की तिसऱ्याचा धाक बराच ओसरतो.

तुमचं मूत्रपिंड कसं आहे, साखर किती, ईसीजी काढला का, तंबाखू किंवा मिसरी चालते का, हे प्रश्नात नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे. तरी माझा कल आत्ताच सांगून टाकते: मोजायला एक आठवडा घ्या, तीन महिने नको. आणि त्या आठवड्याच्या शेवटी तुम्हाला बहुधा गोळी लागेलच.

आता मोजण्याबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

मनगटाचं मशीन परत ठेवून द्या. मनगट हृदयाच्या पातळीपेक्षा थोडं जरी खाली-वर झालं तरी आकडा हलतो, आणि कुणालाही ते दर वेळी एकाच उंचीवर धरता येत नाही. दंडावर पट्टा बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या. घेताना पट्ट्याचं माप बघा, हे दुकानात कुणी सांगत नाही. शिंप्याच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. बहुतेक मशीनसोबत येणारा मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला चालतो. तुमचा दंड ३४ चा असेल आणि पट्टा मध्यम असेल, तर बीपी नसताना बीपी दिसेल. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो, कधी कधी दहाने किंवा त्याहूनही जास्त. मोठ्या मापाचा पट्टा वेगळा विकत मिळतो, तो घ्या.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, तंबाखू नको, जिना चढून आलेलं नको. लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयानेही बीपी चढतं. पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नको. मांडी घालून पलंगावर बसून मोजायची आपल्याकडे सवय आहे, ती टाळा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. हात मांडीवर लोंबत असेल तर दर १० सेंटिमीटरला आकडा साधारण ७ ते ८ ने वाढतो. पट्टा उघड्या दंडावर बांधा. शर्टाची बाही वर सरकवून तिची घट्ट वळकटी दंडावर बसली असेल तर शर्टच काढा. पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे खरंच गप्प. मोजताना बायकोला 'किती आलं गं?' विचारलंत तरी आकडा चढतो.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त येईल, तोच हात पुढे कायम वापरा. दोन हातांत वरच्या आकड्याचा फरक वारंवार १५ च्या पुढे दिसला, तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. एखादी रक्तवाहिनी अरुंद असू शकते.

मग सात दिवस, सकाळी नाश्त्याआधी दोनदा आणि रात्री जेवणाआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. प्रत्येक आकडा वहीत लिहा, आवडला नाही तरी. चांगला आकडा येईपर्यंत मोजत राहायचं आणि तेवढाच लिहायचा, ही फसवणूक जवळपास सगळेच करतात आणि स्वतःचीच करतात. आठवड्याचे २८ आकडे होतील. पहिल्या दिवसाचे ४ सोडून द्या, त्यात नवलाईचा भाग असतो. उरलेल्या २४ ची सरासरी काढा. तुमचं बीपी म्हणजे ती सरासरी. सोमवारी दुपारी आलेला १५२ किंवा रविवारी आलेला १३८, यातला कुठलाच एकटा आकडा तुमचं बीपी नाही.

घरच्या मोजणीला फूटपट्टी वेगळी लागते. दवाखान्यात १४०/९० पासून पुढे जास्त धरतात, घरी १३५/८५ पासून. आणि दवाखान्यातल्या १६०/१०० ची बरोबरी घरच्या साधारण १४५/९० शी होते. घरी १४६ आलं म्हणून 'थोडंसंच आहे' म्हणणारे इथे फसतात.

दवाखान्यात चढणारं आणि घरी उतरणारं बीपी असतंच. तुमची घरची सरासरी १३५/८५ च्या खाली आली, तर आज गोळी नको, सहा महिन्यांनी पुन्हा आठवडाभर मोजायचं. घरचे आकडे फारच वर-खाली होत असतील तर २४ तासांचं मशीन लावून घेता येतं. ते झोपेतलंही बीपी पकडतं. पण मनगटाच्या मशीनने दाखवलेला १५२ बघता, तुमच्या बाबतीत सगळं दवाखान्याच्या धास्तीमुळेच असेल असं मला वाटत नाही.

त्याच आठवड्यात रक्त-लघवीच्या तपासण्या उरकून घ्या: क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय ते दाखवणारा आकडा), सोडियम, पोटॅशियम, उपाशीपोटी साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन), आणि एक ईसीजी. या औपचारिकता नाहीत. टेल्मिसार्टन सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. आधीचा आकडा हातात नसेल तर ते गोळीने वाढलं, की आधीपासूनच तेवढं होतं, हे महिनाभराने कळायला मार्ग राहत नाही. लघवीतून अल्ब्युमिन जात असेल किंवा ईसीजीत हृदयाची भिंत जाड झाल्याची खूण असेल, तर बीपी आजचं नाही, काही वर्षांचं आहे असा अर्थ होतो, आणि तीन महिने थांबण्याचा विषय तिथेच संपतो. रात्री मोठ्याने घोरता का आणि दिवसा पेंगता का, हेही डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचं बीपी गोळ्यांना नीट दाद देत नाही.

आता दुसरा प्रश्न: थांबायची मुभा. तुमची सरासरी १४५/९० किंवा जास्त आली, तर त्याच आठवड्यात सुरू करा. १३५ ते १४४ च्या मध्ये आली आणि बाकी तपासण्या स्वच्छ, साखर नाही, तंबाखू नाही, तर तीन महिने मीठ-वजन-चालणं करून बघणं चुकीचं नाही. अट एकच, तीन महिन्यांनंतरची तारीख आजच कॅलेंडरवर लिहायची आणि त्या आठवड्यात पुन्हा २८ आकडे घ्यायचे. 'बघू' म्हणून सोडलेले तीन महिने बघता बघता तीन वर्षं होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निदान पक्कं झाल्यापासून चार आठवड्यांच्या आत औषध सुरू करा असं म्हटलंय, ते याच अनुभवातून.

वडिलांच्या झटक्याबद्दल: पुस्तकी व्याख्येत वडील किंवा भावाला ५५ च्या आत हृदयविकार किंवा झटका आला तर तो 'लवकरचा' धरतात. ५८ त्यात बसत नाही. तरी मी तो बाजूला टाकत नाही. वडिलांचं बीपी तेव्हा किती होतं आणि ते गोळी घेत होते का, हे घरी विचारून बघा. 'होतं, पण घेत नव्हते' हे उत्तर आलं तर घरच्यांच्या सल्ल्याचं वजन तुम्हीच ठरवा.

'त्रास काहीच नाही' यावर जाऊ नका. बीपी दुखत नाही. डोकं दुखतंय म्हणून बीपी वाढलं असेल आणि डोकं दुखत नाही म्हणून बीपी ठीक असेल, हे दोन्ही ठोकताळे निरुपयोगी आहेत. चाळीस ते सत्तरच्या वयात वरचं बीपी दर २० ने वाढलं की झटक्याने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि ही चढण ११५ पासूनच सुरू होते. उलट बाजूने, वरचं बीपी १० ने उतरवलं की अर्धांगवायूचा धोका सुमारे पावभर कमी होतो. यातलं काहीही शरीर आपणहून सांगत नाही.

आता तुमच्या हातातल्या गोळीकडे येऊ. पहिल्याच झटक्यात दोन औषधं का, हा प्रश्न रास्त आहे. त्यामागे साधं गणित आहे. बीपीचं कुठलंही एक औषध नेहमीच्या मात्रेत वरचं बीपी सरासरी ८ ते १० ने उतरवतं. तुमची सरासरी समजा १४९ आली. एका औषधाने ती १४० होईल आणि आपल्याला जायचंय १३५ च्या खाली, झेपलं तर १३० पर्यंत. मग महिन्याने मात्रा दुप्पट करा? दुप्पट केल्याने उतार दुप्पट होत नाही, जेमतेम दोन-तीनने वाढतो. त्याऐवजी वेगळ्या जातीचं दुसरं औषध जोडलं तर मात्रा दुप्पट करण्याच्या सुमारे पाचपट फायदा होतो. अमलोडिपिन रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतं. टेल्मिसार्टन मूत्रपिंडातून सुरू होणारा रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूम अडवतं. दोन वेगळ्या वाटा, आणि प्रत्येकाची मात्रा मधली. शिवाय अमलोडिपिनने पावलं सुजतात त्यावर टेल्मिसार्टनचा थोडा उताराही असतो. म्हणून १६०/१०० च्या पुढच्या माणसाला ही जोडी पहिल्या दिवसापासून देणं आता सर्रास मान्य आहे. सरासरी १४० च्या आसपास आली, तर मात्र एकच औषध पुरेल का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रत्येकाला हेच लागतं असंही नाही. सरकारी दवाखान्यांत बहुतेक वेळा एकट्या अमलोडिपिन ५ ने सुरुवात होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्याकडचे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीलाच होते. तिथली पद्धत अशी: ठरलेली गोळी, महिन्याने मोजणी, आकडा खाली नसेल तर ठरलेली पुढची पायरी. त्या पद्धतीतला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो भाग म्हणजे महिन्याने मोजणी. खाजगीत भारी औषध लिहिलं जातं आणि पुढची भेट वर्षाने होते, त्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रातली फुकटची गोळी आणि महिन्याची फेरी केव्हाही चांगली. जनऔषधी केंद्रात ही दोन्ही औषधं स्वस्तात मिळतात, आणि तीच औषधं आहेत.

अर्धी गोळी: नको. टेल्मिसार्टन हवेतली ओल पटकन शोषतं. पट्टीतून काढून तोडलेला अर्धा तुकडा दुसऱ्या दिवसापर्यंत, विशेषतः पावसाळ्यात किंवा कोकणात, खराब व्हायला लागतो. प्लास्टिकच्या आठवड्याच्या डबीत आधीच काढून ठेवणंही त्यामुळे बरं नाही; घेताना पट्टी फोडा. शिवाय काही जोडगोळ्या दोन थरांच्या असतात, तोडल्यावर कुठल्या तुकड्यात काय किती गेलं ते कळत नाही. कमी मात्रा हवीच असेल तर कमी मात्रेची वेगळी गोळी लिहून घ्यावी. ऐंशीच्या घरातल्या, अंगाने बारीक किंवा उभं राहिल्यावर भोवळ येणाऱ्या माणसाला मी एकच औषध आणि तेही कमी मात्रेत सुरू करणं पसंत करते. तुम्ही ४६ चे आहात.

मेडिकलवरून आणताना गोळीच्या नावाचं शेपूट वाचा. एकाच ब्रँडच्या नावापुढे 'एएम' असेल तर सोबत अमलोडिपिन, 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड, 'सीटी' असेल तर बहुधा क्लोरथॅलिडोन (ही दोन्ही लघवीची औषधं). अमलोडिपिनच्या नावापुढे 'एटी' लागलं तर सोबत अॅटेनोलॉल, जे दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकतं. शेपटाच्या गफलतीने वेगळंच औषध महिनाभर घेतलं जातं. आणखी एक गोंधळ: 'एस-अमलोडिपिन' २.५ म्हणजे साध्या अमलोडिपिन ५ एवढंच. आकडा निम्मा दिसतो म्हणून दोन घेऊ नयेत. म्हणूनच तुमची औषधं मूळ नावाने आणि मिलिग्रॅमसह पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा.

सकाळी घ्यायची की रात्री? कधीही, पण रोज त्याच वेळी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यात २१ हजारांवर माणसं होती, सकाळ-संध्याकाळ यात झटका किंवा हृदयविकाराच्या दृष्टीने काही फरक दिसला नाही. तुमच्या दिवसात जी गोष्ट कधीच चुकत नाही, तिला गोळी बांधा. दात घासणं, पहिला चहा, काहीही. जेवणाआधी-नंतर याने फरक पडत नाही. एखाद्या दिवशी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर गेली ती गेली, दोन एकदम नकोत. या दोन्ही औषधांचा अंमल २४ तासांहून जास्त राहतो, एका चुकीने कोसळत नाही. उपाशीपोटी रक्त द्यायला जातानाही बीपीची गोळी दोन घोट पाण्याबरोबर घ्यायची. 'उपाशी या' म्हणजे गोळी वगळा असं नव्हे, पण आपल्याकडे लोक हमखास वगळतात आणि मग त्या दिवशीचं बीपी जास्त येतं.

पहिल्या चार आठवड्यांत काय होतं ते आधीच माहीत असलेलं बरं, कारण गोळ्या बंद पडतात त्या याच काळात.

पहिल्या तीन-चार दिवसांत आकडा फारसा हलला नाही तर 'लागू पडत नाही' म्हणू नका. अमलोडिपिनला रक्तात स्थिर व्हायलाच आठवडा लागतो, आणि टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम चौथ्या आठवड्याच्या आसपास दिसतो. या काळात थोडं डोकं जड होणं, चेहरा गरम वाटणं, बसल्या जागेवरून चटकन उठल्यावर हलकं वाटणं हे होऊ शकतं. बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत जातं. वर्षानुवर्षं चढलेल्या दाबाला सरावलेल्या शरीराला १२८ सुद्धा सुरुवातीला 'लो' वाटतं. तो लो नाही. मात्र वरचा आकडा ११० च्या खाली आणि सोबत भोवळ असेल, तर डॉक्टरांना कळवा. वयस्कर माणसांचं बीपी बसून आणि मग उभं राहून एक व तीन मिनिटांनी मोजा. उभ्याने वरचा आकडा २० ने घसरत असेल तर पडून खुबा मोडण्याची भीती, मात्रा बदलावी लागते.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात संध्याकाळी घोटे सुजू शकतात, मोज्याचा वळ उठतो. ही अमलोडिपिनची खोड. यात शरीरात पाणी साचलेलं नसतं; बारीक धमन्या सैल होतात, शिरा होत नाहीत, म्हणून दाबाने पाणी बाहेर पाझरतं. त्यामुळे लघवीची गोळी देऊन ही सूज नीट उतरत नाही, तरी ती सर्रास दिली जाते. उपाय म्हणजे मात्रा कमी करणं किंवा सिल्निडिपिनसारखं भावंड देणं, ज्यात सूज कमी येते. ५ मिलिग्रॅमला सूज कमी जणांना येते, १० ला बऱ्याच जणांना. एकाच पायाला सूज आणि दुखणं असेल, किंवा सुजेबरोबर दम लागत असेल, तर ती खोड नव्हे, त्याच दिवशी दाखवा. हिरड्या फुगल्या तर दातांच्या डॉक्टरांना अमलोडिपिन चालू आहे हे सांगा.

दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा. क्रिएटिनिन आधीच्या आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढून थांबलं तर घाबरायचं नाही, मूत्रपिंडातला दाब उतरल्याची ती खूण असते. त्याहून वाढलं किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं, तर औषधाचा फेरविचार. रिपोर्टवर लाल अक्षरात आकडा आला म्हणून स्वतःच गोळी बंद करू नका. तुमचं मूत्रपिंड धड असेल तर शहाळं चालेल. ज्यांचं कमजोर आहे त्यांनी टेल्मिसार्टनसोबत रोज शहाळं आणि 'लो सोडियम' मीठ टाळावं, कारण त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

पुरुष सहसा विचारत नाहीत पण मनात असतं, म्हणून लिहिते: या दोन औषधांमुळे लैंगिक ताकद जात नाही. तसा त्रास काही जुन्या बीटा-ब्लॉकर (अॅटेनोलॉलसारख्या, ठोके मंद करणाऱ्या) गोळ्यांनी किंवा लघवीच्या गोळ्यांनी होऊ शकतो, आणि वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीने तर होतोच.

गोळी व्यवस्थित चालू असूनही बीपी उतरत नाही तेव्हा मी आधी दुसऱ्या पाकिटांबद्दल विचारते. गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, सर्दीची नाक मोकळं करणारी गोळी, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, हे सगळे बीपी चढवतात. दुखण्याच्या गोळ्या, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी तिन्ही एकत्र आल्या तर मूत्रपिंडावर तिहेरी घाव बसतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरं, तेही रोजच्या रोज महिनोन्महिने नको. घशासाठी म्हणून रोज चघळलं जाणारं ज्येष्ठमध बीपी वाढवतं आणि पोटॅशियम घटवतं. 'ते तर औषधी आहे' म्हणून कुणी सांगतच नाही. उलट सर्पगंधा खरोखर बीपी उतरवते. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पण तिने नाक चोंदतं आणि मन खिन्न होतं, म्हणून ती मागे पडली. चूर्णात ती असेल तर ते बीपीचंच औषध आहे. चोरून दोन्ही घेऊ नका, डॉक्टरांना सांगा.

मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, भाजी-आमटी-पोळी-लोणचं सगळं धरून. ताटात वरून मीठ न घेणं ही सुरुवात झाली, पण आपलं मीठ ताटात कमी आणि लोणचं, पापड, शेव-फरसाण, खारवलेली मिरची, सुकट-बोंबील, वडापावाची चटणी यांत जास्त असतं. पापडात मीठ आणि पापडखार असं दुहेरी सोडियम असतं. सैंधव घेतल्याने काही वाचत नाही, तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. वजनाचा ढोबळ हिशेब असा की एक किलो उतरला की बीपी साधारण एकने उतरतं. म्हणजे आठ किलो म्हणजे जवळपास एक गोळी. गोळी सुरू केली म्हणून चालणं सोडायचं नाही, आणि चालणं सुरू केलं म्हणून गोळीही सोडायची नाही.

आता त्या 'जन्माच्या' भीतीकडे. या गोळ्यांची सवय लागत नाही. बंद केल्या की दोन-तीन आठवड्यांत बीपी पूर्वी होतं तिथे परत जातं. ते गोळीमुळे चढत नाही, ते तिथेच होतं, गोळीने धरून ठेवलं होतं. अचानक बंद केल्यावर उसळी मारणारी औषधं वेगळी आहेत, क्लोनिडिन आणि बीटा-ब्लॉकर. तुमच्या गोळीत ती नाहीत. प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेकांना औषध दीर्घकाळ लागतं. पण काहींचं कमी होतं: वजन आठ-दहा किलोने उतरलं, दारू सुटली, घोरण्याचा इलाज झाला, वर्षभर घरची सरासरी १२० च्या आसपास राहिली, तर दोनाचं एक करून बघता येतं, मोजत मोजत. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मे मध्ये घामाने आणि उष्णतेने बीपी आपोआप उतरतं. तेव्हा भोवळ येत असेल तर मात्रा तात्पुरती कमी करावी लागते आणि थंडीत पुन्हा वाढवावी लागते. हे डॉक्टरांसोबत ठरवा. आकडा चांगला आला म्हणून स्वतः बंद करणं आणि चढला की दोन दिवस घेणं, ही सगळ्यात वाईट पद्धत.

दोन प्रसंगी मात्र गोळी थांबवण्याबद्दल लगेच विचारा. जुलाब-उलट्यांनी पोटात पाणी टिकत नसेल, किंवा निर्जळी उपवास लांबला असेल, तर टेल्मिसार्टन एक-दोन दिवस थांबवून खाणंपिणं सुरळीत झाल्यावर परत सुरू करतात, नाहीतर मूत्रपिंडाला फटका बसू शकतो. आणि हे वाचणाऱ्या बायकांसाठी: दिवस राहण्याचा विचार असेल तर टेल्मिसार्टन आणि त्याच्या जातीची औषधं आधीच बदलून घ्यायची, बाळाला अपाय करतात, लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा हे पर्याय आहेत.

मोजता मोजता एखाद्या दिवशी १८०/१२० दिसलं, तर आधी लक्षणं बघा. छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका हातापायातली ताकद जाणं, नजर धूसर होणं, यातलं काहीही असेल तर मोजत न बसता थेट मोठं रुग्णालय. काहीच नसेल तर पाच-दहा मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, आणि आकडा तसाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून टाकायचा जुना प्रकार कुणी सुचवला तर नको म्हणा; बीपी एकदम कोसळून त्यानेच झटका आलेला आहे लोकांना. शेजाऱ्याची गोळीही नको.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: उद्या मशीन आणि पट्ट्याचं माप, या आठवड्यात २८ आकडे आणि तपासण्या, पुढच्या सोमवारी सरासरी घेऊन डॉक्टरांकडे. गोळी सुरू झाली की चौथ्या आठवड्यात पुन्हा सात दिवस मोजून वही, मशीन आणि गोळ्यांची पट्टी तिन्ही घेऊन जा. मशीन नेण्याचं कारण, त्यांच्या मशीनशी लागोपाठ दोनदा ताडून बघता येतं. फरक पाचच्या आत असेल तर तुमची वही विश्वासाची, जास्त असेल तर आधी मशीनचा निकाल लावा, मग गोळीचा. आकडा जागेवर आला की दर महिन्याची फेरी तीन ते सहा महिन्यांवर नेता येते. घरी रोज मोजायची गरज तेव्हा उरत नाही. भेटीच्या आधीचा आठवडा पुरे. दिवसातून आठ वेळा मोजणाऱ्यांचं बीपी मोजण्यानेच चढतं.